साडेदहा फुटांची काठी

मासे पकडायचा रॉड मला हवा होता, प्रश्न मी विचारला होता, आणि दुकानातल्या पोराने काठी काढून दिली ती माझ्या नवऱ्याच्या हातात. नवऱ्याला मासा कळतो तो ताटात आल्यावर. त्याने काठी बॅटसारखी दोन्ही हातांनी धरली, तिथल्या तिथे एक स्ट्रेट ड्राइव्ह मारला, मागच्या रॅकवरची दोन खोकी पाडली आणि "हलकी आहे की" असा निकाल देऊन ती माझ्याकडे सोपवली.

हा माझा तिसरा रॉड. आधीचे दोन गॅरेजच्या कोपऱ्यात उभे आहेत. गाडी काढताना नवरा त्यांच्याकडे बघतो आणि काही बोलत नाही. तो बोलत नाही याचाच मला जास्त राग येतो. म्हणून या खेपेला पाकिटाला हात लावण्याआधी नीट विचार करायचा असं ठरवून गेले होते.

आम्ही राहतो सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला, रेंटनमध्ये. इथे नोव्हेंबर उजाडला की ऑफिसातली निम्मी माणसं स्कीइंगबद्दल बोलू लागतात आणि उरलेली दोन-चार स्टीलहेडबद्दल. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. काश्मीर-हिमाचलच्या नद्यांत आणून सोडलेला आहे तोच. फक्त हा नदीत जन्मून समुद्रात जातो, दोन-तीन वर्षं तिथे खाऊनपिऊन दांडगा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत शिरतो. इथले सामन अंडी घातली की मरतात. स्टीलहेडमधले काही मात्र परत समुद्राकडे जातात आणि पुढे पुन्हा येतात. चार-पाच किलोचा चांदीसारखा मासा, वॉशिंग्टनचा राज्यमासा. आणि हट्टी इतका, की सबंध हंगामात एकही मिळाला नाही म्हणून कुणी कुणाला हसत नाही.

माझं आजोळ विजयदुर्गच्या अलीकडे, वाघोटणच्या खाडीकाठी. आबा, म्हणजे आईचे वडील, सुट्टीत मला गरवायला न्यायचे. बांबूची काठी, शेंड्याला बांधलेलं तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, त्यावर तरंगणारं बूच, शिशाचा तुकडा आणि गरी, म्हणजे गळ. दोरा गुंडाळायची रीळ नावाची वस्तू आम्ही पाहिलीच नव्हती. कोळंबी लावायची, पाणी फिरायची वाट बघायची. शेंगाळा हमखास, तांबोशी कधीमधी, चोणक नशिबात असेल तर. आबा कमी बोलायचे, पण एक वाक्य ठरलेलं होतं: "काठी वर धर. दोरो पाण्यावर लोळूक देव नको." का, ते कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मोठ्या माणसांची अशी बरीच वाक्यं असतात.

इतक्या भांडवलावर मी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात गोड्या पाण्याचं लायसन्स आणि मासे नोंदवायचं कार्ड काढलं आणि रायटर पाँड्सला गेले. हायवे २ वर गोल्ड बार गाव सोडलं की स्कायकोमिश नदीवर ही जागा आहे. तिथे हॅचरीची, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायच्या केंद्राची, तळी आहेत. तिथून सोडलेली पिल्लं मोठी होऊन तिथेच परत येतात, आणि त्यांच्या मागावर आमच्यासारखे. घराएवढाले धोंडे, त्यांच्यावर ओळीने उभी माणसं, खाली हिरवं पाणी. एकाने टाकलं की त्याच्या खालच्याने टाकायचं, हा न सांगितलेला नियम. आपल्याकडच्या सार्वजनिक नळाची आठवण झाली, फक्त भांडणं कमी.

माझ्या हातात सात फुटी रॉड होता. उन्हाळ्यात तळ्यात ट्राउट पकडायला घेतलेला, रिळासकट ६० डॉलरचा. मासा तोच तर आहे, जरा मोठा एवढंच, असा माझा हिशोब. टाकायला काही अडचण आली नाही, बूच पाहिजे तिथे पडायचं. पण पडल्यापासून चार-पाच सेकंदांत ते तिरकं व्हायचं आणि काठाकडे सरकायला लागायचं, मागे पाण्यावर बारीकशी रेघ ओढत. शेजारच्यांची बुचं मात्र सरळ उभी, पाण्यावरच्या फेसाच्या बुडबुड्यांबरोबर त्याच गतीने खाली जात होती.

दोन माणसं सोडून एक म्हातारबुवा उभे होते. तासभर त्यांनी हे बघितलं असावं. मग गरी बदलता बदलता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा दोरा पाण्यावर झोपलाय."

मला हसू आलं आणि लगेच गळाही दाटला. विजयदुर्ग कुठे आणि गोल्ड बार कुठे.

आबांनी न सांगितलेलं कारण म्हातारबुवांनी सांगितलं. हिवाळ्यात नदीचं पाणी चार-पाच अंशांवर असतं. थंड रक्ताचा मासा, तो कशाच्या मागे धावत नाही. तळाजवळ, धार जिथे मंदावते तिथे, माणूस चालतो साधारण त्या वेगाच्या पाण्यात उभा राहतो आणि नाकासमोर आलेलं तेवढं तोंडात घेतो. म्हणजे आमिष पाण्याच्याच गतीने, आपसूक वाहत आल्यासारखं आलं पाहिजे. आता तुमच्या आणि बुचाच्या मध्ये जोराची धार असली आणि दोरा तिच्यावर पडलेला असला, तर ती धार दोऱ्याचं धनुष्य करते आणि बुचाला ओढून नेते. माशाला ते ओढलेलं आमिष खोटं वाटतं. उपाय एकच, दोरा उचलून धरायचा. आणि सात फुटी काठीने तुम्ही किती उचलणार? त्यांचा रॉड साडेदहा फुटी होता. हात वर केला की काठीच्या टोकापासून बुचापर्यंत दोरा जवळजवळ सगळा हवेतच. थोडा टेकलाच तर मनगटाच्या एका हिसक्याने ते तो धारेच्या वरच्या अंगाला टाकायचे, बूच जागचं हलायचंही नाही.

हे सगळं ऐकून, पटून, मान डोलावून मी घरी आले आणि तरीही दुसरा रॉड चुकीचाच घेतला.

झालं असं, की ख्रिसमसनंतर सेल लागला. सामनसाठीचा साडेआठ फुटी रॉड, सोबत ५००० आकाराचं भलंमोठं रीळ, निम्म्या किमतीत. डोक्यात दोन गोष्टी एकदम होत्या: लांब हवा आणि मजबूत हवा. साडेआठ म्हणजे सातपेक्षा लांब आहेच, आणि मजबूतपणाबद्दल तर बोलायलाच नको, तो रॉड म्हणजे सागवानी दांडा होता. त्यावर लिहिलं होतं १५ ते ३० पौंड. मी तो आकडा गोणीवरच्या वजनासारखा वाचला: जितका जास्त तितका चांगला.

जानेवारीत, त्याच धोंड्यांवर, चौथ्या खेपेला माझं बूच नाहीसं झालं. बुडालं असं नाही, होतं तिथे नव्हतंच. मी आबांची नात, काठी दोन्ही हातांनी खांद्यावरून मागे खेचली. क्षणभर पलीकडे काहीतरी जिवंत, जड, रागावलेलं होतं. मग 'टक' असा आवाज आला आणि दोरा हलका होऊन परत आला. सगळं मिळून दोन सेकंद. गरीच्या वरचा आखूड दोरा, ज्याला इथे लीडर म्हणतात, तो ८ पौंडांचा होता आणि गाठीपाशी निसटला होता. टोक कुरळं झालं होतं, डुकराच्या शेपटीसारखं. पुढे कळलं की ही खूण गाठ सुटल्याची. दोरा मधेच तुटला असता तर टोक कापल्यासारखं दिसलं असतं.

तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं की रॉडवरचा पौंडाचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. किती ओढीचा दोरा लावला तर ही काठी नीट वाकेल, ते तो सांगतो. १५ ते ३० ची काठी ८ पौंडांच्या दोऱ्यासमोर वाकतच नाही. वाकली नाही म्हणजे माशाच्या डोक्याचा प्रत्येक झटका थेट गाठीवर. काठी हे स्प्रिंगचं काम करते, तिने आधी वाकायचं, मग रिळाने दोरा सोडायचा, गाठीची पाळी सगळ्यात शेवटी. माझ्याकडे पहिली दोघं कामचुकार निघाली.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. मी ही मासेमारी करणार कशी, हे आधी ठरवायचं, काठी मग.

स्टीलहेड पकडायच्या तऱ्हा अनेक आहेत आणि प्रत्येकीची काठी वेगळी. एका तऱ्हेत बूच नसतंच: शिशाचा तुकडा तळाच्या गोट्यांवर टकटक करत घरंगळवायचा आणि त्या टकटकीत मासा कधी तोंड लावतो ते बोटांनी ओळखायचं. त्याला नऊ फुटांच्या आसपासची, ताठ पण शेंड्याला हळवी काठी लागते. ही सगळ्यात जुनी, इथल्या मुरलेल्या लोकांची लाडकी पद्धत. माझी बोटं सकाळी नऊपर्यंत बधिर होतात, तेव्हा ती बाद. चमचा, म्हणजे पत्र्याचा चमकता तुकडा, टाकून ओढायचा ही दुसरी. त्यात मजा आहे, पण हात दुखतो. नकली माशी लावून दोन हातांनी टाकायच्या बारा-तेरा फुटी काठ्याही आहेत. त्यातली एक शैली तर इथल्याच स्कॅजिट नदीच्या नावाने ओळखली जाते, पण ती शिकायला एक जन्म राखून ठेवावा लागेल. सेंटरपिन नावाचं एक रीळ असतं, सायकलच्या चाकासारखं मोकळं फिरणारं, दोऱ्याला आवर घालणारा ड्रॅग नाही, ब्रेक म्हणजे आपलाच अंगठा. ते बघून मी अर्धा दिवस मोहात होते. म्हातारबुवांनी विचारलं, "तुझं एका वेळी एका गोष्टीशी भांडून भागत नाही का?"

राहिलं बूच. ते मला सहाव्या वर्षापासून येतं. डोळ्यांचं काम आहे, बोटांचं नाही. ठरलं.

बूच ठरलं म्हणजे लांबी ठरली, पण कितीपर्यंत? दुकानात नऊपासून तेरा फुटांपर्यंत होत्या. तेरा फुटी उचलून धरली तर दोन मिनिटांत खांदा भरून आला. शिवाय इथल्या नद्यांच्या काठांवर अल्डर आणि सीडरच्या फांद्या डोक्यावर झुकलेल्या असतात, वर बघितलं तर झाडांना लटकलेली बुचं दिसतात, वडाला बांधलेल्या दोऱ्यांसारखी. साडेदहा फुटी दोन तुकड्यांत मिळते, एक तुकडा सव्वापाच फुटांचा. आमच्या गाडीत मागची सीट पाडली की तिरका बसतो. घरून टेप घेऊन गाडी मोजून गेले होते. खोटं कशाला सांगू, हा मुद्दा बराच निर्णायक ठरला.

मुठीच्या जरा वर, बारीक अक्षरांत, रॉडचा सगळा जन्मदाखला लिहिलेला असतो. मी त्या दिवशी निवडलेल्यावर होतं: १० फूट ६ इंच, दोन तुकडे, दोरा ८ ते १२ पौंड, वजन पाव ते पाऊण औंस, मॉडरेट फास्ट. वजन म्हणजे टोकाला किती जड वस्तू बांधून फेकायची ते. माझं बूच अर्ध्या औंसाचं, म्हणजे बरोबर मधोमध. मॉडरेट फास्ट म्हणजे काठी नुसती शेंड्याला वाकत नाही, जवळजवळ अर्ध्यापर्यंत वाकते. आता तो पोरगा माझ्याशी बोलायला लागला होता. मी त्याला शेंडा धरून खाली बसायला सांगितलं आणि मूठ हळूहळू उचलली. काठी शेंड्यापासून कमान घेत घेत खाली आली आणि मधल्या जोडाच्या अलीकडे थांबली, मुठीकडचा भाग मात्र ताठच राहिला. हेच मला हवं होतं: झटका वरच्या भागाने सोसायचा, आणि माशाला वळवायला खाली दम शिल्लक पाहिजे. फार लवचीक काठीचाही तोटा आहे. मासा तासभर दमवत बसायचा आणि सोडून द्यायचा असेल तर तो अर्धमेला होऊन जातो. प्युजेट साउंड या इथल्या समुद्राच्या खाडीला मिळणाऱ्या नद्यांतले रानटी, म्हणजे हॅचरीचे नसलेले, स्टीलहेड २००७ पासून संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत आहेत. तसा लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडावा लागतो, तेव्हा त्याला लवकर आणणं हा आपलाही धर्म.

लॅमिग्लास आणि जी. लूमिस या दोन नावाजलेल्या रॉड कंपन्या नावारूपाला आल्या त्या इथल्याच वुडलँड गावात, आय-५ हायवेवरून दक्षिणेला जाताना लागतं ते. त्यांच्या काठ्या हातात घेऊन बघितल्या. चारशे डॉलरच्या पुढे. अहाहा, आणि परत जागेवर ठेवल्या. माझा ११० चा. रुपयांत गुणाकार करायचं मी दहा वर्षांपूर्वीच सोडलंय, नाहीतर इथे कोथिंबीरही घेता येत नाही.

रिळाची गोष्ट मात्र लांबली. ऑफिसातला एक जण सांगत होता, खरे स्टीलहेडवाले बेटकास्टर वापरतात. हे रीळ काठीच्या वर बसतं, त्याची गरारीच फिरते आणि अंगठ्याने तिला आवरायचं. बूच सोडताना दोरा हवा तसा सुटतो, हे खरंच. त्यात मी डावरी. बहुतेक बेटकास्टरचा दांडा उजवीकडे असतो, म्हणजे फेकायचं डाव्या हाताने आणि गुंडाळायचं उजव्याने, हात बदलायला नको. डावऱ्यांसाठी चुकून बनलेली जगातली ही एकमेव वस्तू असेल, म्हणून मी हरखून त्याच्याकडून आठवड्यापुरतं मागून आणलं. पार्कात हिरवळीवर चांगलं जमलं. नदीवर वारा होता. बूच वाऱ्यात अडकून मंदावलं, गरारी मात्र जोरात फिरत राहिली, माझा गारठलेला अंगठा उशिरा पोचला, आणि पापणी लवते न लवते तोच रिळावर सुगरणीचं घरटं तयार झालं. पाऊण तास धोंड्यावर बसून दातांनी, नखांनी, शेवटी कात्रीने ते सोडवलं. शेजारच्याने त्या वेळात एक मासा काढला. रीळ दुसऱ्या दिवशी धन्यवादासह परत.

मग साधं स्पिनिंग रीळ. दांडा डावीकडे-उजवीकडे कसाही बसवता येतो. आकार ३०००, पाव किलोच्या आत-बाहेर. पाच हजारांचं घेतलं असतं तर मूठ जड झाली असती. दुकानातच रीळ लावून, मुठीच्या पुढे एका बोटावर काठी तोलून बघितली. बोट रिळाच्या पायाजवळ असताना ती आडवी राहिली तर ठीक. शेंडा खाली गेला तर दिवसभर मनगट त्याला उचलत बसतं. इतक्या लांब काठीचा थोडा गेलाच, पण चालण्यासारखा.

दोऱ्याचं दुकानात ऐकलं आणि नवऱ्याला फोनवर सांगितलं, "ब्रेड घ्यायचा आहे." त्याने संध्याकाळी पाव आणून ठेवला. हा ब्रेड म्हणजे वेणी: बारीक धाग्यांचा विणलेला दोरा. ३० पौंडांचा, पण जाडीला ८ पौंडांच्या तंगुसाएवढा. हा तरंगतो. तंगूस हळूहळू पाण्यात बसतं आणि बसलेला दोरा उचलायला गेलं की बूचही हलतं, म्हणून मुख्य दोरा वेणीचा. त्यावर गाठ मारून एक छोटा मणी, मग सरकतं बूच, खाली शिसं, फिरकी, आणि तिच्या खाली दोनेक फूट १० पौंडांचा फ्लुओरोकार्बनचा लीडर, जो पाण्यात सहज दिसत नाही. टोकाला गुलाबी पिसांचा जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेली गरी. खोली बदलायची तर गाठ वरखाली सरकवायची. सहा फूट पाणी असो की बारा, गाठ कड्यांमधून रिळात गुंडाळली जाते आणि फेकताना अडत नाही.

उरला ड्रॅग, म्हणजे मासा किती जोर लावला की रिळाने दोरा सोडायला लागावं, ते. नियम असा सांगतात की सगळ्यात कच्च्या दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. माझा लीडर १० पौंड, म्हणजे साडेचार किलो. त्याचे झाले साधारण १.१ ते दीड किलो. मोजायचं कशाने? आमच्याकडे हुकाचा काटा आहे, भारतात जाताना बॅगा तोलायला घेतलेला. २३ किलोच्या वर पापडाचं एक पाकीट गेलं तर एअरपोर्टवर पेटाऱ्याचं प्रदर्शन मांडावं लागतं, म्हणून. तो हुक दोऱ्याच्या फासात अडकवला, मी गॅरेजात काठी वर धरून उभी राहिले आणि नवऱ्याला काटा घेऊन मागे मागे जायला सांगितलं. आधी 'बेताचा' म्हणून मी लावला होता तो ड्रॅग निघाला ३.४ किलो. दोन टिचक्या सैल. २.६. आणखी. १.९. तो एव्हाना शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेत पोचला होता आणि त्यांचं कुत्रं भुंकत होतं. १.४ ला काठीची कमान झाली, रिळाने 'कर्र' केलं आणि दोरा सुटायला लागला. हाताला ती ओढ फारच कमी वाटली, मला वाटलं यात मासा हसत हसत पळून जाईल. नवरा लांबून ओरडला, "अगं, हे एवढंच?" सागवानी दांड्याच्या वेळी मी किती आवळलं असेल, त्याचा विचार न केलेलाच बरा.

फेब्रुवारीत काउलिट्झ नदीवर जायला लागले. रेंटनहून दोनेक तास दक्षिणेला, टोलेडोच्या बाजूला. या नदीवर टॅकोमा पॉवर या वीज कंपनीची मेफील्ड आणि मॉसीरॉक अशी दोन धरणं आहेत, आणि ट्राउट हॅचरीजवळ ब्लू क्रीकच्या तोंडाशी गर्दी म्हणजे दादरचा फलाट. पहिल्या दिवशी पारा शून्याखाली. वेणीचा दोरा पाणी शोषून आणतो, ते काठीच्या कड्यांमध्ये गोठतं, आणि दर चार-पाच फेकींनंतर कड्यांत बर्फाचे मणी. शेजारी कड्यांना लिपबाम चोळत होता. मला खोबरेल तेल आठवलं, पण ते इथे ऑक्टोबरातच बाटलीत दगड होतं. शेंडा नदीत बुडवून ठेवला की बर्फ विरघळतो, पाणी गोठणबिंदूच्या वर असतं ना. त्या दिवशी मासा नाही. पण दोरा हवेत होता. बूच फेसाच्या बुडबुड्यांबरोबर सरळ उभं, चाळीस-पन्नास पावलं खाली गेलं, मी नुसती काठी वळवत राहिले. एवढ्यानेच मी घरी गाणी म्हणत आले, नवऱ्याला वाटलं मासा मिळाला.

मासा मिळाला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस होता, नेहमीचा, भिजवायचा नाही पण थांबायचाही नाही. जिगच्या टोकाला कोळंबीचा तुकडा लावला होता. इथेही लावतात, आबांना सांगायला हवं होतं. बूच डोहाच्या शेवटाला, पाणी उथळ व्हायला लागतं तिथे पोचलं आणि बुडालं. या वेळी मी खांद्यावरून मागे खेचलं नाही. आधी रीळ दोन वेढे फिरवून सैल दोरा आत घेतला आणि काठी वर उचलली. ती अर्ध्यापर्यंत वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग रिळाने 'कर्र' केलं. गॅरेजातलं होतं तेच, पण थांबेना. दोरा जात होता, जात होता, मी काही करू शकत नव्हते आणि काही करायचंही नव्हतं. खालच्या बाजूचे चौघे आपापले दोरे गुंडाळून बाजूला झाले. मासा एकदा हवेत उडाला, पाण्यावर आडवा आपटला, पुन्हा खाली गेला. दोनदा काठापर्यंत आणला, दोनदा पळाला.

लांब काठीचा एक तोटा मला कुणी सांगितला नव्हता: मासा जवळ आला की शेवटचे दहा फूट काही केल्या संपत नाहीत. काठी मागे टाकावी तर झाडं, पुढे ठेवावी तर हात पोचत नाही. मी एकटी असते तर तो गोट्यांवर ओढत न्यावा लागला असता. शेजारचा माणूस न विचारता गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने जाळं खाली धरलं.

शेपटीच्या अलीकडे, पाठीवर, ट्राउटला एक छोटासा मांसल पर असतो. हॅचरीवाले पिल्लं सोडताना तो कापतात. मी बोट फिरवून बघितलं: गुळगुळीत, भरलेली जखम. हॅचरीचा, ठेवायला मोकळा. ठेवला तर जागच्या जागी कार्डावर नोंद करायची, शाईने, असा इथला नियम. खिशातून कार्ड काढलं, ते कोरडं होतं, पेन मात्र गारठून उमटेना. हाताच्या तळव्यात चोळलं, तोंडाची वाफ दिली, उगीच झटकलं. वरच्या धोंड्यावरच्या एका पोरसवदा मुलीने आपलं पेन माझ्याकडे फेकलं. ते मी डाव्या हाताने झेललं आणि गुडघ्यावर कार्ड ठेवून नदीचा कोड शोधायला लागले.